जिरावनचे दोन श्रावण

"ये वो कुत्ता नहीं है," खिडकीपलीकडचा बाबू म्हणाला आणि त्याने हातातला फोटो परत बाहेर सरकवला.

चिंतामणराव पागनीस यांना हा अपमान वाटला. कुत्रा तोच होता. कुत्रा पाळायच्या परवान्याचं नूतनीकरण करायला ते त्याला महापालिकेत जातीनं, रिक्षातून, स्वतःच्या मांडीवर बसवून घेऊन आले होते. मांडी अजून सुन्न होती. पण फोटो होता परवाना पहिल्यांदा काढला तेव्हाचा. त्यात एक सडपातळ, टवकारलेल्या कानांचा जवान छाती काढून उभा होता. इथे प्रत्यक्षात जिरावन चिंतामणरावांच्या चपलेवर बसला होता, आणि उभं राहण्याची त्याला काही हौस दिसत नव्हती.

"वही है जी. ज़रा तबियत बन गई है."

"ज़रा?" बाबूने खिडकीतून मान बाहेर काढून खाली पाहिलं. "बाबूजी, इसमें से तो वैसे दो निकल आएँ. नया फोटो लाओ. और लाइसेंस जिनके नाम पे है, उनको भी लाओ."

परवाना मुलीच्या, अबोलीच्या नावावर होता आणि अबोली होती बेंगळुरूला. तीन वर्षांपूर्वी तिनेच हे पिल्लू उचलून आणलं, आणि रंग बघून त्याचं नाव जिरावन ठेवलं. पोह्यांवर भुरभुरवायच्या त्या मसाल्याशिवाय इंदुरात सकाळ होत नाही, तशी ती पुढे या कुत्र्याशिवायही होईनाशी झाली. मग अबोलीला नोकरी लागली, ती गेली, आणि कुत्रा राहिला. चिंतामणराव तेव्हा नुकतेच बँकेतून रिटायर झाले होते. इतकी वर्षं ते खोलीत शिरले की माणसं उठून उभी राहत. आता ते खोलीत शिरले की फक्त जिरावन मान वर करून बघायचा. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, पण त्या एका मान वर करण्यावर त्यांचं बरंच काही चाललं होतं.

शिवाय पागनीसांना जनावर नवीन नव्हतं. चिंतामणरावांचे पणजोबा होळकरांच्या पागेत घोड्यांच्या दाण्याचा हिशोब ठेवत. कुठल्या घोड्याला किती हरभरा, हे त्यांच्या जिभेवर असे म्हणतात. त्या घराण्यातल्या कुत्र्याला सरकारी माणसाने ओळखू नये, हे चिंतामणरावांच्या फार मनाला लागलं.

त्यात संध्याकाळी अबोलीचा व्हिडिओ कॉल आला. बेबीताईंनी, म्हणजे चिंतामणरावांच्या पत्नीने, कौतुकानं फोन जिरावनकडे वळवला. स्क्रीनमध्ये तो मावेना.

"आई! हा काय गोल झालाय! तुम्ही लोक त्याला खिलवता तरी काय?"

"काही नाही गं. आम्ही खातो तेच."

"तेच तर! बाबा, ऐका. हे त्याच्यासाठी डेंजरस आहे. हार्ट, सांधे, सगळं खराब होतं. मी गणपतीत येतेय. तोपर्यंत ह्याचं वजन कमी झालं नाही ना, तर मी ह्याला सोबत घेऊन जाणार. माझ्या बिल्डिंगमध्ये कुत्रे अलाउड आहेत. आणि तुमची शुगर कशी आहे?"

"विषय कुत्र्याचा चालला आहे," चिंतामणराव करड्या आवाजात म्हणाले. "आणि घेऊन जायचं तर खुशाल जा. माझ्या मागची एक कटकट जाईल."

एवढं बोलून ते बाल्कनीत गेले. जिरावन मागोमाग गेला आणि त्यांच्या पायावर हनुवटी ठेवून झोपला. त्या रात्री त्यांनी एक पोळी कमी खाल्ली, आणि बेबीताईंनी सवयीप्रमाणे ती जिरावनला घातली.

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टर नीरजांच्या दवाखान्यात हजर झाले. नीरजाबाईंनी जिरावनच्या अंगावरून हात फिरवला. "काका, नुसता हात फिरवला तर बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत. इथे मला शोधाव्या लागून राहिल्या आहेत." काट्यावर अठ्ठावीस किलो भरले. बावीसला आणायचं ठरलं. सकाळ-संध्याकाळ मोजून जेवण, रोज लांब फेरी, पावसात फिरून आल्यावर बोटांच्या मधली जागा कोरडी करायची, गोचीड बघायची, पाणी ताजं ठेवायचं, असं त्या शांतपणे सांगत गेल्या. चिंतामणराव माना हलवत होते.

"आणि सेव बंद."

मान थांबली. "पूर्ण?"

"पूर्ण. मीठ, तेल, मसाला, काही चालत नाही त्यांना. लसणाची सेव तर मुळीच नको. लसूण, कांदा, द्राक्षं, चॉकलेट हे कुत्र्याला विष आहे, काका."

"साधी बारीक सेव पण नाही? पोह्यांवरची?"

"पोहे पण नाहीत."

इंदुरात एखाद्याला पोहे आणि सेव बंद करायची म्हणजे त्याला शहराबाहेर काढल्यासारखंच. पण प्रसंग बाका होता. चिंतामणरावांनी त्याच दुपारी घरातला सेवेचा डबा उचलला आणि शेजारच्या मंजुळाबाईंकडे नेऊन दिला. बेबीताई त्या डब्याच्या मागे दारापर्यंत गेल्या.

मंजुळाबाईंचे यजमान बाबूराव महूचे, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. पागनीसांच्या घरात काही बिनसलं की ते सल्ला द्यायला न बोलावता येत, आणि सल्ला उभ्यानेच देत.

"पागनीसजी, डिसिप्लिन पाहिजे. आणि ऑर्डर मराठीत नका देऊ, लाडाची वाटते. बघा." त्यांनी टाचा जुळवल्या. "जिरावन! क्विक मार्च!"

जिरावनने शेपटी हलवली आणि पोट वर करून आडवा झाला.

"आमचा हवालदार बघा," बाबूराव म्हणाले. हवालदार हे त्यांच्या बोक्याचं नाव. "दिलं तेवढंच खातो. दिवसभर त्याला पळवतो मी, दोरीला चिंधी बांधून. बाल्कनीला जाळी लावली आहे, म्हणजे जोशात खाली उडी नको. मांजराला काम पाहिजे, कुत्र्याला ऑर्डर पाहिजे." हवालदार कट्ट्यावर बसून हे सगळं डोळे मिटून ऐकत होता.

घरच्या घरी वजन कसं करायचं, तेही नीरजाबाईंनी सांगितलं होतं. कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि त्यातून आपलं वजन वजा करायचं. आता जिरावनला पेलणारा काटा गल्लीत एकच होता, परेश भियाच्या नमकीनच्या दुकानात, बेसनाची पोती तोलायचा. सकाळी दुकानापुढे पोहे खाणाऱ्यांची गर्दी असते, हे चिंतामणरावांच्या लक्षात राहिलं नाही.

"पहले काकाजी अकेले!" परेश भियाने पुकारा केला. पोती तोलताना आतल्या कारागिराला आकडा ओरडून सांगायची त्याला सवय होती, आणि सवय ती सवय. "काकाजीईईई... चौरासी!"

पोह्यांचे चमचे थांबले. कोणीतरी मागून म्हणालं, "लगते नहीं." कोणीतरी म्हणालं, "लगते हैं." चिंतामणरावांनी आपलं वजन बेबीताईंनाही कधी सांगितलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या बडा गणपती भागाला पाठ झालं.

खरी गोम पुढच्या दोन-चार दिवसांत कळली. घरातली सेव बंद झाली तरी जिरावनच्या बरगड्या काही वर येईनात. कारण जिरावन एका घरचा कुत्रा नव्हताच. सकाळी चिंतामणराव पूजेला बसत आणि तो दाराबाहेर ओट्यावर बांधलेला असे. दूध आणायला जाणारा, देवळात जाणारा, शाळेत पोरं सोडायला निघालेला, प्रत्येक जण त्याच्या पुढ्यात काहीतरी ठेवून जाई. नको म्हटलं की लोक दुखावत. "भिया, एक टुकड़ा जलेबी से क्या होता है?" असं विचारलं की या शहरात त्याला उत्तर नसतं.

तेव्हा चिंतामणरावांमधला बँक मॅनेजर जागा झाला. जाड पुठ्ठ्यावर, सुवाच्य हिंदीत, त्यांनी पाटी रंगवली. "कृपया मुझे कुछ न खिलाएँ. आज्ञा से." पाटीला सुतळी लावली. भिंतीवरचं मराठी पंचांग बघितलं. आषाढ होता, श्रावण लागायला अजून पंधरवडा होता. श्रावणात घरोघरी तळण-वळण सुरू होण्याआधी गल्लीला शिस्त लागलेली असेल, असा त्यांनी हिशोब केला. शुभारंभाला सोमवार निवडला, सकाळी स्नान करून पाटी जिरावनच्या गळ्यात घातली, आणि निर्धास्त मनाने देवासमोर बसले.

इथेच घोळ झाला. पागनीसांचं मराठी पंचांग आषाढ म्हणत होतं, पण गल्लीचं पंचांग मराठी नव्हतं. इकडच्या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरवडाभर आधी लागतो. चार पिढ्या इंदुरात काढलेल्या पागनीसांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण घाईत माणूस स्वतःच्याच भिंतीवरचं पंचांग बघतो. तो सोमवार सावनचा पहिला सोमवार होता. आणि सावनच्या पहिल्या सोमवारी, कपाळावर गंध लागलेला (ते चिंतामणरावांनीच शुभारंभ म्हणून लावलं होतं), मला काही खायला घालू नका म्हणणारा एक कुत्रा ओट्यावर शांत बसला होता.

गल्लीने त्याचा सरळ अर्थ लावला.

पुढचे दिवस चिंतामणराव मोठ्या आशेत होते. जिरावन घरचं मोजून दिलेलं जेवण अर्धं टाकू लागला होता. "बघ बेबी, भूकच कमी झाली आहे त्याची," ते म्हणत. आठवडा संपायच्या आत नीरजाबाईंच्या काट्यावर तीस किलो भरले.

नीरजाबाईंनी काटा तपासला. मग चिंतामणरावांकडे पाहिलं. त्या नजरेने ते एवढेसे झाले.

पुढच्या सोमवारी ते पूजा सोडून खिडकीच्या पडद्यामागे उभे राहिले. आधी कोपऱ्यावरच्या प्रेमलताजी आल्या. त्यांनी जिरावनला हात जोडले, खरेच जोडले, आणि द्रोण पुढे केला. "ले बेटा, अन्न नहीं है इसमें. साबूदाने की है." खिचडीवर तूप चमकत होतं. मग कोणी फराळी चिवडा, कोणी बटाट्याचा कीस, कोणी राजगिऱ्याचा लाडू ठेवला. परेश भिया तर खास उपासाचं मिक्सचर घेऊन आला आणि जिरावनच्या पुढच्या पायांना हात लावून म्हणाला, "अरे, जानवर होके सोमवार कर रिया है! और अपन इंसान होके कचोरी पे टूट रिये हैं!" जिरावनने हा मान मोठ्या विनयाने स्वीकारला.

शेवटी मंजुळाबाई वाटी घेऊन आल्या. त्या बौद्ध, त्यांच्याकडे सोमवार नव्हता, पण पावसाळ्यातला वर्षावास चालू होता आणि आषाढी पौर्णिमेपासून त्यांचा खिरीवर हात बसला होता. "सगळे काही न काही देऊन राहिले," त्या जिरावनला म्हणाल्या, "मग आमच्याकडचं पण घे रे बाळा. हिच्यात तेल नाही, मीठ नाही."

चिंतामणराव पडदा बाजूला सारून बाहेर धावले. "अरे, व्रत नहीं है! इसका कोई व्रत-ब्रत नहीं है! परहेज़ है! डॉक्टर ने मना किया है!"

प्रेमलताजींनी गालावर हात ठेवला. "हाय राम. बीमार है?"

यापेक्षा तो उपास परवडला असता. दुसऱ्या दिवसापासून लोक जिरावनला बघायला येऊ लागले. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जात नाहीत, त्यामुळे नारळपाणी आलं, मुगाची खिचडी आली, देपालपूरच्या कोणाच्या तरी घरचं साजूक तूप आलं. प्रेमलताजींनी बडा गणपतीला नवस बोलला. बाबूरावांनी फौजेच्या पद्धतीने विचारपूस केली, "मनोबल कसं आहे?" आणि एवढ्यात पागनीसांचा स्वतःचा, मराठी श्रावण लागला. पहिल्या सोमवारी बेबीताईंनी खिचडी टाकली आणि चमचाभर जिरावनकडे सरकवली. चिंतामणरावांनी नुसतं पाहिलं.

"अहो, उपासाचं हलकं असतं," बेबीताई म्हणाल्या.

चिंतामणरावांनी हात टेकले. पण हरले नाहीत. गणपतीला महिना उरला नव्हता. त्या संध्याकाळी त्यांनी जिरावनच्या गळ्यातली पाटी काढली, त्याच्यासमोर जमिनीवर बसले, आणि आयुष्यात कोणत्याही वरिष्ठाला केली नव्हती ती गोष्ट केली. विनवणी केली. "हे बघ. ती तुला घेऊन जाईल. बेंगळुरूला. तिथे सेव मिळत नाही. आणि मी," इथे त्यांचा आवाज थोडा बिघडला, "मी काय करू इथे? थोडी मदत कर ना रे मला."

जिरावनने त्यांचं नाक चाटलं. एवढ्यावर त्यांची समजूत पटली.

दुसऱ्या सकाळी, गल्ली जागी व्हायच्या आत, दोघे निघाले. ओळखीच्या एकाही दारावरून न जाता, मागच्या बाजूने, छत्रीबागेच्या गल्ल्यांत. तिथे जिरावनला कोणी ओळखत नव्हतं. हे जिरावनच्या लक्षात आलं तसा त्याने रस्त्याच्या मधोमध धरणं धरलं. चिंतामणराव दोर ओढायला बघत, मग दोर सैल सोडून पुढे जात, "चल ना बाळा" म्हणत, तो येत नाही म्हणून परत येत, त्याची समजूत काढत, पुन्हा पुढे जाऊन दाखवत. जिरावन एकदा चालत असे ते अंतर ते तीनदा चालत. ओटे झाडणाऱ्या बायकांना आधी वाटलं, ह्यांचं काहीतरी हरवलं आहे. मग त्यांनाही सवय झाली. घरी आल्यावर पंच्याने पायाची बोटं कोरडी करायची, तीही आधी जिरावनची.

घरात सेव परत आली नाही. येऊ शकतच नव्हती. चिंतामणरावांनी एकदा बाहेरून पुडी आणून, स्वयंपाकघराचं दार लावून खायचा प्रयत्न केला. दाराच्या फटीखाली एक काळं नाक येऊन टेकलं. त्यांना घास गिळवला नाही. पुडी त्यांनी हवालदारापुढे धरून पाहिली. त्याने वास घेऊन तोंड फिरवलं, म्हणून ती बाबूरावांनी खाल्ली. ज्याला आपण बंदी केली त्याच्यासमोर आपण खायचं, हे पागनीसांच्या न्यायात बसत नव्हतं, मग त्यांनी जिलबी सोडली, कचोरी सोडली, आणि रात्री जिरावनबरोबर मोजून जेवू लागले.

अबोली आली ती हरतालिकेच्या सकाळी. नीरजाबाईंचा दवाखाना सणामुळे बंद होता. ती बॅग ठेवते न ठेवते तोच बाबूराव म्हणाले, "चला, इन्स्पेक्शन." अख्खी गल्ली परेश भियाच्या दुकानासमोर जमली. जिरावन काय, सगळ्यांचाच झाला होता. प्रेमलताजींनी देवळाकडे तोंड करून पुटपुटायला सुरुवात केली.

चिंतामणरावांनी जिरावनला उचललं. बाबूरावांनी मागून आधार दिला, मग हात काढला. परेश भियाने श्वास रोखला.

"काकाजी और जिरावन... एक सौ छह!"

चिंतामणरावांचं चौऱ्याऐंशी कोणी विसरलं नव्हतं. गल्लीनेच वजाबाकी केली. "बाईस!" टाळ्या पडल्या. बाबूरावांनी जिरावनला सलाम ठोकला. चिंतामणराव काट्यावरच उभे होते. बँकेत सगळं आयुष्य गेलं, पण एवढा सुंदर आकडा त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी जिरावनच्या मानेत तोंड खुपसलं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लोकांना दिसू द्यायचं नव्हतं.

अबोली मात्र टाळ्या वाजवत नव्हती. ती जिरावनकडे बघत नव्हतीच. ती बाबांच्या शर्टाकडे बघत होती. तो खांद्यावरून उतरला होता आणि पट्ट्याला आतल्या बाजूला खिळ्याने पाडलेलं नवं भोक होतं.

"बाबा," ती म्हणाली, "त्याला खाली सोडा. आता एकटे उभे राहा."

"कशाला?"

"राहा ना."

चिंतामणराव उभे राहिले. परेश भियाने या वेळी आकडा ओरडला नाही, हळूच म्हणाला. "उन्यासी."

पुन्हा वजाबाकी झाली. या वेळी टाळ्या नाहीत. जिरावन सत्तावीस होता. दीड-दोन महिन्यांच्या खटपटीतून कुत्र्याचा एक किलो उतरला होता आणि त्याला फिरवणाऱ्याचे पाच. चिंतामणरावांनी मान खाली घातली. हिशोबात चूक झाली होती, आणि तीही पागनीसांकडून. त्यांनी दोर उचलला आणि अबोलीच्या हातात दिला.

"ने," ते म्हणाले. "ठरलं होतं तसं. रोज सकाळी पाय पुसत जा त्याचे. बोटांच्या मधे. तो पुसू देत नाही, पण हळू बोललं की देतो. आणि त्याला..."

अबोलीने दोर घेतला नाही. तिचेही डोळे भरले होते, आणि ती तिच्या आईसारखी, म्हणजे उघड रडणारी होती. "बाबा, मी तीन वर्षं तुम्हाला सांगतेय, चालत जा, गोड सोडा. डॉक्टरनं सांगितलं, आईनं सांगितलं. तुम्ही एकाचं ऐकलं नाही. ह्याने एका महिन्यात करून दाखवलं." तिने दोर बाबांच्या मनगटाला गुंडाळला. "ह्याला मी नेलं तर तुम्हाला कोण फिरवणार?"

गणपती झाल्यावर, परत जायच्या आधी, अबोली त्या दोघांना घेऊन पुन्हा त्या खिडकीशी गेली. नवा फोटो होता. तिने परवाना बाबांच्या नावावर करायचा अर्ज दिला. बाबूने फोटो पाहिला, मान बाहेर काढून जिरावनला पाहिलं, आणि म्हणाला, "हाँ, ये तो वही है." मग त्याने नव्या मालकाचं ओळखपत्र मागितलं. ते बरंच जुनं होतं. त्याने त्यावरचा गोल चेहरा बघितला, खिडकीसमोरच्या चिंतामणरावांकडे बघितलं, परत ओळखपत्राकडे बघितलं.

"बाबूजी," तो म्हणाला, "ये आप नहीं लग रहे."

चिंतामणराव पागनीस एवढे खूश कधीच झाले नव्हते. जिरावनला वाटलं, काहीतरी खायला मिळणार.